एकाच घरचे ना?

पाळणेकाकांच्या हातून आयुष्यात मोठं असं काही वाईट घडलं नाही. कुणाला फसवलं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सव्वीस वर्षं त्यांनी एका करमणूक बागेत आकाशपाळणा चालवला आणि तेवढ्या वर्षांत पाळण्यात बसलेल्या एकाही माणसाला खरचटलंसुद्धा नाही. तरी आता निवृत्त झाल्यावर, दुपारी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले की त्यांना एका मुलीची आठवण येते आणि हातातला चहा तसाच गार होतो. बायको आतून बघते आणि म्हणते, "झालं! गेले वर."

पाळणेकाका हे नाव बागेतल्या लोकांनीच पाडलेलं. चोवीस पाळण्यांचं ते भलंमोठं चाक, आणि त्याच्या पायथ्याशी पत्र्याची एक खोली, जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी. खोलीत एक हिरवं बटण, एक लाल बटण आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेला ब्रेकचा दांडा. बघणाऱ्याला वाटायचं, यात काय अवघड आहे? बटण दाबलं की फिरतंय! पण आकाशपाळणा फिरवणं सोपं, भरणं कठीण. एका बाजूला चार आडदांड माणसं बसली आणि समोर दोन किडकिडीत पोरं, तर चाक ओढ घेतं आणि सगळा ताण ब्रेकवर येतो. म्हणून रांगेतलं माणूस पुढे आलं की काका आधी त्याचं वजन नजरेनं जोखायचे. "ताई, तुम्ही सातमध्ये. तुम्ही दोघं एकोणीसमध्ये." ही सवय इतकी हाडीमासी खिळलेली की घरी पाहुणे आले तरी सोफ्यावर कोण कुठं बसलंय याकडे त्यांचं लक्ष. मग बायको हळूच म्हणायची, "सोफा फिरणार नाहीये. बसू द्या त्यांना."

हे काम त्यांना मिळालं ते थोरल्या भावामुळे. दादा त्याच बागेत फिटर होते. चाकाचा एकूण एक बोल्ट त्यांच्या हाताखालून गेलेला. दोघं भाऊ एकाच घरात वर-खाली राहत. सकाळी एकाच स्कूटरवर कामाला निघत आणि संध्याकाळी भांडत परत येत. भांडण बहुधा वंगणावरून. दादांचं म्हणणं, वंगण आठवड्याला घालायचं. काकांचं म्हणणं, कुरकुरलं की घालायचं. दादांनी त्यांना एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी बजावली होती. वर माणसं असताना दांडा सोडायचा नाही. मग खाली आग लागो, नाहीतर घरून निरोप येवो.

आजाराची साथ आली आणि बाग बंद झाली. त्या बंद महिन्यांतच दादा गेले. अॅम्ब्युलन्समध्ये ते स्वतःच्या पायांनी चढले आणि दार लागताना त्यांनी हात केला, एवढंच काय ते शेवटचं दिसणं. नवव्या दिवशी फोन आला. मग सगळंच लांबून झालं. वहिनी जिन्यात उभ्या, हे दारात उभे. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायचीसुद्धा चोरी.

आजार घरात कुठून आला हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. दादांना ताप येण्याच्या चार दिवस आधी ते किराणा आणायला गेले होते आणि दुकानाबाहेर एका जुन्या ओळखीच्या माणसाशी, मास्क हनुवटीवर ओढून, चांगला अर्धा तास गप्पा ठोकत उभे राहिले होते. तिथूनच आला. डॉक्टर म्हणाले, असं खात्रीनं सांगता येत नाही. वहिनी तर दोषाचा एक शब्द बोलल्या नाहीत. पण न बोललेला शब्दच जास्त टोचतो.

आठ महिन्यांनी बाग उघडली ती नियमांची लांबलचक यादी घेऊन. रांगेत दोन-दोन मीटरवर पिवळी वर्तुळं. दारात कपाळाला लावायचं तापमानाचं यंत्र. दर फेरीनंतर पाळणे फवारून पुसायचे. एक पाळणा भरायचा, एक रिकामा सोडायचा. मास्क नाकावर नसेल तर प्रवेश नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना एकटं बसवायचं नाही, आणि एका पाळण्यात एकाच घरात राहणारी माणसंच बसवायची. मॅनेजरनं सगळ्या कामगारांना मैदानात लांब लांब उभं करून यादी वाचून दाखवली. बाकीचे जांभया देत होते. काकांनी ती वहीत उतरवून घेतली.

आणि मग काकांनी जो काही धडाका लावला! आयुष्यभर नाकासमोर चालणारा माणूस, पण आता तो दुसऱ्यांच्या नाकांवर पहारा द्यायला लागला. मास्क जरा घसरला की शिट्टी. वर्तुळाबाहेर पाय पडला की शिट्टी. लोकही काही कमी नव्हते म्हणा. एकदा कॉलेजातली सात पोरं आली, सात तऱ्हेची, आणि छातीठोकपणे म्हणाली, "काका, आम्ही सगळे सख्खे भाऊ." काका म्हणाले, "अरे वा! मग सातही जणांनी एकदम आईचं नाव सांगा." सात नावं निघाली. रांग हसली, पोरंही हसली आणि निमूट वेगवेगळ्या पाळण्यांत जाऊन बसली. कामगारांनी त्यांचं नवं नाव ठेवलं, नियमशास्त्री. काकांना त्याचा राग नव्हता. आतून कुठंतरी त्यांना वाटायचं, दुकानाबाहेरच्या त्या अर्ध्या तासाची फेड आपण करतोय.

एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक माणूस आणि त्याची मुलगी रांगेत पुढे आली. माणूस सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री. मुलगी आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या. मास्क तिला मोठा होत होता, म्हणून कानामागच्या नाड्यांना गाठी मारलेल्या. बापाचं बोट धरून ती टाचा उंचावून वर बघत होती. दोघांचं मिळून वजन बेताचं. पाच नंबर, काकांनी मनात म्हटलं.

"एकाच घरचे ना?" त्यांनी विचारलं.

"हो," बाप म्हणाला.

"नाही," मुलगी म्हणाली.

दोघं एकदमच बोलले होते. बापानं तिच्याकडे पाहिलं. मुलीनं मात्र शाळेत बाईंना उत्तर द्यावं तसं सरळ सांगितलं, "मी आईकडे राहते. बाबांचं घर रेल्वेच्या पलीकडे आहे. मी त्यांच्याकडे फक्त जाते."

"माझीच मुलगी आहे हो ती," बाप म्हणाला.

"ते दिसतंय. पण पाटी वाचा. एका घरात राहणारे, असं लिहिलंय."

"अहो, सकाळपासून हिचा हात धरून फिरतोय मी. बसमध्ये शेजारी बसून आलो. आणि इथं येऊन आम्ही परके?"

"बसचं मला ठाऊक नाही. माझ्या पाळण्याचं ठाऊक आहे."

"बरं, मग वेगवेगळ्या पाळण्यांत बसवा. तिला पुढच्यात, मला मागच्यात."

"बारा वर्षांखालचं मूल एकटं बसत नाही."

"म्हणजे माझ्याबरोबरही नाही आणि एकटीही नाही?"

"नियम मी नाही केले, साहेब."

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, जाऊ द्या की! बाप-लेक आहेत." त्यामुळे तर काका आणखीच ताठ झाले.

बाप एक पाऊल पुढे आला. मग त्याला वर्तुळ आठवलं असावं, तो पुन्हा मागे सरला आणि हळू आवाजात म्हणाला, "महिन्यातून दोन रविवार मिळतात मला, दहा ते पाच. मधले आठ महिने तेही नव्हते. फोनवर बघत होतो हिला. आज तिनं दुसरं काहीच मागितलं नाही, फक्त हा पाळणा."

काकांचा हात फाटकाच्या कडीवर होता. कडी काढायला कितीसा वेळ लागतो? मॅनेजर आसपास नव्हता, कुणी विचारणार नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे अॅम्ब्युलन्सचं लागणारं दार आलं आणि ते म्हणाले, "माझा सख्खा भाऊ गेलाय यात. चला पुढं, रांग खोळंबलीय."

बापानं मान खाली घातली. दोघं बाजूला झाले. जाता जाता मुलीनं विचारलेलं काकांच्या कानावर पडलं. "बाबा, माझ्यामुळे झालं का हे?" बाप म्हणाला, "नाही गं. तू खरं तेच सांगितलंस." पण त्यानं ते तिच्याकडे न बघता सांगितलं.

संध्याकाळी जेवताना काकांनी ही हकिकत घरात सांगितली, जरा फुशारकीनंच. वहिनी जेवायला खालीच असत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे पोरगी खरं बोलली म्हणून तिला बसू दिलं नाहीत?"

"तसं नाही वहिनी, नियम..."

"आणि ह्यांचं नाव पुढं केलंत?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "भावजी, ह्यांच्या नावावर असलं काही खपवू नका. ह्यांनी त्या दोघांना बसवलं असतं आणि वर तुम्हाला शिव्या घातल्या असत्या."

काका उठून हात धुवायला गेले आणि नळ सुरू करून तसेच उभे राहिले.

पुढचे दोन आठवडे त्यांनी एकच गोष्ट ठरवून ठेवली होती. ती दोघं परत आली तर विचारायचंच नाही, कडी काढायची आणि बसवायचं. दोन आठवड्यांनी ती आलीसुद्धा. काकांनी लांबूनच वेण्या ओळखल्या. पण त्या दिवशी मॅनेजर फेरीवर होता आणि नेमका पत्र्याच्या खोलीला टेकून उभा होता. प्रत्येकाला प्रश्न विचारला जातोय की नाही हेच तो बघत होता. काकांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "एकाच घरचे ना?"

बापाच्या आधी मुलगीच बोलली. "हो. एकाच घरात राहतो आम्ही. चौथ्या मजल्यावर."

चौथा मजला कुणी विचारला नव्हता. तो तिनं पदरचा घातला होता. पाठ करून आणलेलं खोटं असंच असतं, जरुरीपेक्षा जास्त भरलेलं. ती सरळ काकांच्या डोळ्यांत बघत होती आणि बाप बुटांकडे बघत होता. दोन आठवड्यांपूर्वी हीच पोरगी बापाला खोटं ठरवून खरं बोलली होती.

"बसा," ते म्हणाले. "अकरा नंबर."

चाक सुरू झालं. काकांना वाटलं, या पोरीला काहीतरी द्यायला हवं. त्यांच्याजवळ देण्यासारखं होतं तरी काय? तो ब्रेकचा दांडा. दुसऱ्या फेरीत अकरा नंबर अगदी माथ्यावर आला आणि त्यांनी दांडा ओढला. वरून घरांची छपरं दिसतात, रेल्वेचे रूळ दिसतात, पलीकडे नदीचं वळण दिसतं. बघू दे पोटभर. बापाला दाखवता येईल, ते बघ माझं घर, ते बघ तुझं. बाकीच्या पाळण्यांतून लोक ओरडायला लागले, "काका, काय झालं?" काकांनी हातानं खूण केली, थांबा. मॅनेजरनं भुवई उंचावली. काका म्हणाले, "ब्रेक तपासतोय, साहेब." चांगली तीन मिनिटं त्यांनी चाक धरून ठेवलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटलं. मास्कच्या आत ते स्वतःशीच हसत होते.

मग चाक हळूहळू खाली आलं. त्यांनी अकरा नंबरची कडी काढली आणि मुलगी उतरली ती हुंदके देतच. मास्क भिजून गालांना चिकटला होता.

"काका, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "बाबा आमच्यात राहत नाहीत. चौथा मजला आईचा आहे. तुम्हाला कळलं म्हणून तुम्ही आम्हाला वर अडकवलंत ना? बाबांना काही करू नका. त्यांनी नाही सांगितलं मला, मी माझं मीच ठरवलं."

काकांना सांगायचं होतं ते खूप होतं. सांगायचं होतं की बाळा, चूक माझी होती, तुझी नाही. सांगायचं होतं की मी तुला वरून जग दाखवत होतो. पण मागे मॅनेजर उभा, पुढे रांग, आणि तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, "मला माहीत होतं."

म्हणताना ते हसले. हसू सगळं मास्कच्या आत राहिलं. काकांच्या भुवया मुळात जाड आणि जुळलेल्या. नुसते डोळे बघितले तर ते हसतानाही रागावल्यासारखेच दिसत. मुलगी दचकून बापाच्या मागे गेली.

"माहीत होतं तर पहिल्यांदाच नाही म्हणायचं होतं," बाप म्हणाला. त्याचे ओठ दिसत नव्हते, पण आवाज कापत होता. "एवढ्याशा पोरीला अद्दल घडवायला वर टांगून ठेवलंत? शोभतं तुम्हाला?"

त्यानं तिला उचलून कडेवर घेतलं आणि तो चालायला लागला. "अहो, थांबा! तसं नाही!" काका ओरडले. पण वर अजून अठरा माणसं होती आणि हात दांड्यावर होता. दांडा सोडायचा नाही. एकेक पाळणा खाली घेऊन, एकेक कडी काढून चाक रिकामं होईस्तोवर बारा मिनिटं गेली. मग काका बागेच्या दारापर्यंत पळत सुटले, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मास्क तोंडात जातोय इकडे लक्ष न देता. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "वेण्यांची मुलगी? आत्ताच बस गेली की त्यांची."

सोमवारी बाग बंद असे आणि चाकाची चाचणी होई. त्या सोमवारी काका स्वतः अकरा नंबरमध्ये जाऊन बसले आणि नव्या फिटरला म्हणाले, "माथ्यावर नेऊन थांबव. तीन मिनिटं." फिटरला वाटलं, आवाज ऐकायचा असेल. वर गेल्यावर वारा होता. पाळणा झुलत होता, सांधे कुरकुरत होते. खाली पत्र्याची खोली काडेपेटीएवढी दिसत होती आणि तिच्यातल्या माणसाच्या मनात काय आहे हे वरून कळायला काहीच मार्ग नव्हता. दोन मिनिटांतच काकांनी दांडीला घट्ट धरलं. इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसाची ही तऱ्हा. आणि ती तर पहिल्यांदाच वर गेली होती, तीही मनात चोरी घेऊन.

खाली उतरून ते तडक मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, तो प्रश्न बदला. मॅनेजर भला माणूस होता. तो म्हणाला, "पाटी मला बदलता येणार नाही, ती वरून आलीय. तोंडानं तुम्ही काय विचारता ते ऐकायला मी रोज थोडाच येतो?" त्या दिवसापासून काका विचारायला लागले, "एकत्र आलात ना?" याला खोटं उत्तर देण्याची वेळ कुणावर येत नसे.

बापाचे रविवार कोणते ते काकांनी हिशेबानं काढलं होतं. त्या रविवारी त्यांनी आपणहून कधी रजा घेतली नाही; तापासारखं वाटलं तेव्हा नाइलाजानं घरी राहिले, पण फोन करकरून पहारेकऱ्याला भंडावून सोडलं. ती दोघं आली नाहीत. रविवारमागून रविवार गेले. बागेत दुसरं काय थोडं होतं, पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, छोटी रेल्वे होती. पण त्या बाजूच्या कामगारांनीही तशी जोडी पाहिली नाही. दिवसभरच्या सात तासांत तो बाप तिला आता कुठं नेत असेल, हा विचार काकांना दांड्यावर हात असताना यायचा.

नंतर नियम एकेक करून सुटत गेले. आधी रिकामा पाळणा भरायची मुभा मिळाली, मग वर्तुळं खरवडून काढली. एका सकाळी मॅनेजर सांगत आला की मास्क आता ज्याच्या त्याच्या मर्जीवर. लोकांनी जल्लोष केला. एकेका पाळण्यात पाच-पाच जण कोंबून बसायला लागले, कुणाचं घर कुठलं याची कुणाला पडली नव्हती. आणि त्या उघड्या चेहऱ्यांच्या गर्दीत काकांच्या एकदम लक्षात आलं की त्या मुलीचा चेहरा आपण कधी पाहिलेलाच नाही. कपाळ, डोळे आणि दोन वेण्या, बस. वेण्या काय, कापल्या की गेल्या. ती आता समोर येऊन उभी राहिली तरी ओळखू येणार नव्हती. दहा-अकरा वर्षांची कुठलीही मुलगी बापाबरोबर रांगेत दिसली की काका तिच्या डोळ्यांकडे बघत राहायचे, इतके की एकदा एका बापानं विचारलं, "काय हो, काही चुकलं का आमचं?"

"नाही, नाही," काका घाईघाईनं म्हणाले. "बसा. आरामात बसा."

निवृत्त होऊनही आता दोन वर्षं झाली. वहिनी दुपारच्या चहाला खाली येतात. काकांना खिडकीत तसं बसलेलं पाहिलं की त्यांना कळतं. पूर्वी बोलल्या होत्या त्याचं त्यांना आता वाईट वाटत असावं, कारण त्या बशी पुढं सरकवत समजूत घालतात. "पोरं विसरतात हो भावजी. तिला आता आठवतसुद्धा नसेल."

काका मान हलवतात. म्हणतात, "हो, विसरली असेल." ते स्वतः दुसरीत असताना शाळेच्या शिपायानं फुटलेल्या काचेवरून, काच त्यांनी फोडली नसताना, सगळ्या वर्गासमोर त्यांना काय काय म्हटलं होतं, ते त्यांना अजून शब्दन् शब्द पाठ आहे. पण हे ते वहिनींना सांगत नाहीत.